आधी तुझं, मग माझं

चेतनला आपल्या कानाचा भारी अभिमान होता. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाउसमध्ये, कापड रंगवायच्या मिलमध्ये, तो हायड्रोवर काम करायचा. रंगवून आलेलं ओलं कापड एका मोठ्या पोलादी पिंपात भरायचं आणि ते पिंप गरगर फिरवून पाणी झटकून टाकायचं, याला तिथे हायड्रो म्हणतात. कापड भरताना एका बाजूला जरा जास्त पडलं की पिंप हादरायला लागतं, आणि फार हादरलं तर जवळ उभ्या माणसाचं काही खरं नाही. चेतन पाठमोरा उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगायचा, वजन कोणत्या बाजूला गेलंय ते. खात्यातले लोक त्याची टर उडवायचे, की याच्या बायकोनं आत पोळी लाटली तरी हा बाहेर बसून सांगेल, पीठ सैल झालंय म्हणून. चेतन हसायचा, पण आतून सुखावायचा.

त्यामुळे एके सकाळी तो रातपाळी करून घरी आला आणि चैताली म्हणाली, "ऐका ना, मशीन आवाज करतंय," तेव्हा त्याला त्यात काळजीचं काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. घरात त्याला कोणी फारसं काही विचारत नसे. विचारायचं ते त्याच्या मायला, पुष्पाबाईला.

"कसला आवाज?"

"धप् धप् असा. कोणी कपडे बडवतंय असा."

"रजेच्या दिवशी बघतो," म्हणून तो पडदा ओढून आडवा झाला. रातपाळीवाल्याची रात्र दिवसाच असते. बमरोलीच्या त्या सोसायटीत ऊन चढल्यावर भाजीवाल्याची हाळी, बायकांची भांडी, पलीकडच्या लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा खडखडाट असं सगळं सुरू असताना हा गडी घोरत पडायचा. एकसारखा खडखडाट त्याला अंगाईसारखा वाटे. मध्येच थांबणारा आणि पुन्हा सुरू होणारा आवाज मात्र त्याला अजिबात सहन होत नसे.

कपडे धुण्याचं ते मशीन कोरं करकरीत होतं. पुढून गोल काचेचं दार, वर लाल आकडे. आत किती कपडे पडलेत ते स्वतःच जोखायचं आणि धुवायला किती मिनिटं लागतील ते दाखवायचं. चैताली पहिल्या बाळंतपणाला माहेरी, अमळनेरला गेली होती. ती लेकाला घेऊन परत आली त्याच आठवड्यात हे मशीनही मागच्या चोकडीत येऊन बसलं. मोरीला सुरतेत चोकडी म्हणतात, आणि इथे राहून आपली खानदेशी माणसंही तेच म्हणायला लागली आहेत. लेकाचं बारसं अजून व्हायचं होतं, म्हणून सगळे त्याला नुसतं राजा म्हणत.

चैताली ही चेतनची दुसरी बायको. पहिली रंजना, ती वारली. दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात आपल्याकडे सवतीचा टाक घालतात, तसा चैतालीच्याही गळ्यात होता. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उठवलेली बाई, काळ्या दोऱ्यात ओवलेली. घरात नवं काही आलं, साडी म्हणा, बांगड्या म्हणा, की ते टाकासमोर धरायचं, हळदकुंकू लावायचं आणि म्हणायचं, "ताई, आधी तुझं, मग माझं." पहिलं म्हटलं की वस्तू तिची होते. दुसरं म्हटलं की ती परत देते. मग आपण वापरायला मोकळं.

कोणाला हसू येईल, पण चैताली हे मनापासून करायची. तिनं रंजनाला कधी पाहिलं नव्हतं, तरी भाकरी थापताना ती टाकाशी बोलत बसे. मशीन आलं त्या दिवशी तर तिनं वाकून गळ्यातला टाक थेट काचेला टेकवला होता. "ताई, तुला मिळालं नाही ना? घे, आधी तुझं." आणि जरा थांबून, "मग माझं."

ते ऐकून चेतन पान खायला म्हणून खाली निघून गेला होता. रंजनानं त्याच्याकडे एकच वस्तू मागितली होती, ती म्हणजे मशीन.

रजेच्या आधी शुभम येऊन गेला. शुभम हा पर्वत पाटियाकडचा मेकॅनिक, जन्मानं मराठी, बोलण्यानं निम्मा गुजराती. त्यानं मशीन हलवून पाहिलं, पाण्याची पट्टी ठेवून पाहिली, मागचं झाकण उघडून आत बॅटरी मारली.

"चेतनभाई, मशीन टकाटक छे," तो म्हणाला. "ट्रान्सपोर्टचे बोल्ट काढलेले छे, लेवल बराबर, बेअरिंग नवी. खाली चालवून दाखवतो, बघा."

मशीन रिकामं चाललं, आणि त्याचा आवाज येईना. शुभमनं चैतालीला सांगितलं की वहिनी, कपडे गोळा करून टाकू नका, पसरवून टाका, आणि तो निघून गेला. तो जिना उतरून गेला असेल नसेल, चैतालीनं पुन्हा मशीन लावलं आणि लगेच आवाज सुरू झाला. धप्... धप्... धप्. मग जरा थांबून परत धप्.

चेतनला मनातून गंमत वाटली. पोराला जमलं नाही, आता आपण दाखवू, असं त्याला झालं.

रजेच्या दिवशी जेवण झाल्यावर तो बाही सरसावून चोकडीत बसला. आधी त्यानं आपले मिलचे कपडे टाकले. रंगाचे डाग पडलेले, जाडेभरडे, पाणी प्यायले की दगड होणारे. मशीन गप्प. मग मायची नऊवारी टाकली. गप्प. चैतालीच्या साड्या, परकर, टॉवेल. गप्पच. लूमच्या खडखडाटात मशीन चालू आहे की बंद तेही कळेना.

"आता काय उरलं?" त्यानं विचारलं.

"राजाचे तेवढे," चैताली म्हणाली. दोन दुपटी, काही लंगोट, टोपडं आणि झबलं. सगळं मिळून ओंजळीत मावेल एवढं.

त्यानं ते आत टाकलं, दार लावलं, बटण दाबलं. मशीननं नेहमीप्रमाणे ड्रम थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवून वजन जोखलं आणि वर आकडे उमटले. चेतन बघतच राहिला. त्याच्या मिलच्या कपड्यांना दाखवली होती त्याहून जास्त मिनिटं मशीन त्या ओंजळभर चिंध्यांना दाखवत होतं. मग पाणी आलं, आणि आवाज सुरू झाला.

धप्... धप्... धप्.

हायड्रोवाल्या कानाला एक गोष्ट लगेच कळली. आत वजन होतं, आणि ते एका बाजूला होतं. बसलेल्या माणसाचं असतं तसं, खाली, स्थिर. ड्रम फिरत होता आणि ते वजन फिरत नव्हतं.

त्यानं कपाटातून लांब स्क्रूड्रायव्हर आणला. मिलमध्ये बेअरिंगचा आवाज ऐकायला असंच करतात. टोक यंत्राच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानात धरायची, आतलं सगळं स्वच्छ ऐकू येतं. त्यानं टोक काचेच्या कडेला लावलं आणि डोळे मिटले.

आधी पाण्याची खळखळ आली. मग धप्. आणि धप् नंतर एक श्वास.

"हं..."

धप्. "हं..." धप्. "हं..."

जडावलेली बाई कष्टाचं काम करताना टाकते तसा श्वास. चेतननं तो ओळखला. तरीही त्याला स्क्रूड्रायव्हर कानावरून काढता येईना.

रंजनाला आठवा लागला होता. तरी सगळ्या घराचे कपडे ती याच चोकडीतल्या दगडावर बडवायची, चेतनच्या रंगाच्या कपड्यांसकट. "एक मशीन घेऊ ना हो, कंबर राहत नाही," असं ती म्हणायची. चेतन म्हणायचा, बघू. पुष्पाबाई म्हणायची, हात काय मोडले का हिचे. त्या दुपारी चेतन रातपाळी करून झोपला होता आणि मागून धपधप येत होती, थांबत थांबत, त्याला अजिबात न सोसणारी. तो पलंगावरूनच ओरडला, "बंद कर गं ते! झोपू दे!"

आणि आवाज बंद झाला. बायको ऐकते आपली, या समाधानात त्यानं कूस बदलली आणि संध्याकाळपर्यंत छान झोपला. पुष्पाबाई भजनाहून आली तेव्हा नळ वाहत होता आणि रंजना साबणाच्या पाण्यात आडवी पडली होती. अंग गार. पोटातलं लेकरूही गेलं. वेळेवर कोणी पाहिलं असतं तर दोघांपैकी एक तरी वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाला होता. हे वाक्य चेतननं आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

धुणं संपलं. त्यानं दार उघडलं. मशीनमधले कपडे कसे निघतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, एकात एक गुंतलेले, ड्रमला चिकटलेले. हे तसे नव्हते. दुपटी, लंगोट, टोपडं, प्रत्येकाला हातानं घट्ट पीळ दिलेला होता आणि ते सगळे पीळ ड्रमच्या तळाशी ओळीनं ठेवलेले होते.

चैताली आत राजाला पाजत होती. तिला सांगायचं सोडून हा मोठा माणूस मायकडे गेला.

पुष्पाबाईनं सगळं ऐकून घेतलं. ती घाबरली, पण घाबरली की तिला राग यायचा.

"तीच से," ती म्हणाली. "दुसरं कोन ऱ्हाई?"

"पण माय, मशीन तर दाखवलं ना तिला?"

"मशीन दखाडं. साड्या दखाड्या, बांगड्या दखाड्या," पुष्पाबाईचा आवाज एकदम खाली आला. "आनि पोऱ्या? पोऱ्या कोनी दखाडा तिले?"

बाळंतपणाच्या वेळी अमळनेरच्या दवाखान्यात नर्सनं चैतालीच्या गळ्यातलं सगळं काढून ठेवायला लावलं होतं, टाकसुद्धा. राजा जन्मला तेव्हा टाक रुमालात बांधून पिशवीच्या तळाशी पडला होता. पुढे तो गळ्यात परत आला, पण या घरात आलेली सगळ्यात नवी आणि सगळ्यात मोठी वस्तू सवतीला दाखवायची कोणाच्या ध्यानातच आली नाही. लेकरू म्हणजे वस्तू, असं चैतालीच्या मनातही आलं नव्हतं.

"दखाडं ते परत तरी देई," पुष्पाबाई म्हणाली. "नही दखाडं ते ती सोताच ली जाई. मंग काय करशी?"

दारात चैताली उभी होती. राजा तिच्या खांद्यावर. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे, पण पुरेसं ऐकलं होतं.

"माझ्या लेकराला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"अगं, दोन शब्द बोलायचे फक्त," चेतन म्हणाला. "तूच तर रोज बोलतेस तिच्याशी..."

"साडीसाठी बोलते. बांगड्यांसाठी बोलते." चैतालीनं एका हातानं गळ्यातला काळा दोरा धरला आणि हिसडा मारून तोडला. "नवरा वापरलेला मिळाला, घर वापरलेलं मिळालं. मी कधी काही बोलले का? हे लेकरू माझं आहे. आधी माझं आणि मगही माझंच."

टाक फरशीवर टणकन पडला. इतकी वर्षं मुकाट राहिलेल्या सुनेचं ते रूप पाहून पुष्पाबाईसुद्धा दोन पावलं मागे सरली. मग तिनं तो उचलला आणि कनवटीला लावला.

त्या दिवसापासून चैतालीनं राजाचे कपडे मशीनला लावणं सोडलं. ती ते हातानं धुवायची. मशीन विकून टाका असं तिनं चेतनला सांगितलं आणि स्वतःच त्याची वायर काढून गुंडाळून ठेवली. तर दुसऱ्या दिवशी भर दुपारी, लूम चालू, खाली पोरं क्रिकेट खेळतायत, आणि चोकडीतून आवाज आला. वायर गुंडाळलेली तशीच होती. काचेमागे ड्रम हलत नव्हता.

धप्... धप्... धप्...

राजा रडत होता तो गप्प झाला. त्यानं मान चोकडीकडे वळवली, अजून नीट धरताही न येणारी मान, आणि तो ऐकू लागला. हळूहळू त्याचे डोळे जड झाले. चेतन समोरच बसला होता, आणि आता कुठे त्याच्या त्या प्रसिद्ध कानात उजेड पडला. हे कपडे बडवणं नव्हतंच. बडवण्याला जोर असतो. हा हात हलका होता, एका लयीत पडणारा. कोणीतरी मांडीवर घेतलेल्या पोराला थोपटून निजवत होतं.

त्यानंतर राजाला चैतालीच्या थोपटण्यानं झोप येईना. ती तासन्‌तास त्याला घेऊन फेऱ्या मारायची, गाणी म्हणायची, आणि तो रडून रडून निळा पडायचा. चोकडीत आवाज सुरू झाला की मात्र लगेच निजायचा. चैतालीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. ती राजाला क्षणभरही खाली ठेवीना. आणि चेतन रोज मायचं तेच ते ऐकत होता, ती घेऊन जाईल, ली जाई, ली जाई. त्याला खरंच वाटू लागलं की एका सकाळी आपण पाळीवरून येऊ आणि दुपट्यात काहीच नसेल. एकदा झालंय ते पुन्हा होईल. त्याचं पोरावर प्रेम होतं, हे खोटं नाही. पण प्रेमासाठी बायकोशी दोन शब्द बोलायचे, तिच्या बाजूनं उभं राहायचं, तेवढा दम त्याच्यात रंजनाच्या वेळीही नव्हता.

एका दुपारी चैताली अंघोळीला गेली. दार लावताना म्हणाली, "पाच मिनिटं बघा त्याच्याकडे. मायकडे देऊ नका."

"नाही देत," चेतन म्हणाला.

आत तांब्याचा आवाज सुरू झाला आणि पुष्पाबाई उठली. तिनं काही विचारलं नाही. कनवटीचा टाक काढला, कुंकवाचा करंडा घेतला आणि चोकडीत जाऊन मशीनपुढे बसली. चेतन राजाला घेऊन तिच्यामागे गेला. कोणी ओढत नेलं नाही त्याला, स्वतःच्या पायांनी गेला.

चोकडीत आवाज चालूच होता. जवळून फार मऊ वाटत होता. ओल्या दगडाचा, साबणाचा आणि आणखी कसलासा गोडसर वास येत होता. पुष्पाबाईनं काचेवर कुंकू लावलं, राजाच्या कपाळाला लावलं आणि टाक काचेला टेकवून धरला.

"तू बोल," ती कुजबुजली. "तुनी बायको व्हती ती."

चेतननं राजाला दोन्ही हातांवर आडवा धरून पुढे केला. काचेत त्याला स्वतःचे हात दिसले, हातांवरचं पोर दिसलं, आणि त्यामागे आत नुसता काळोख.

"रंजना..." तो म्हणाला. किती वर्षांनी त्यानं हे नाव घेतलं होतं. "रंजना, हे... आधी तुझं."

आवाज थांबला.

असा थांबला की पलीकडचा लूमही थांबल्याचा भास झाला. राजानं एक लांब सुस्कारा सोडला आणि त्याचं अंग चेतनच्या हातांवर एकदम सैल, हलकं झालं. चेतननं पुढचं बोलायला तोंड उघडलं, आणि पुष्पाबाईचा हात येऊन तोंडावर बसला. कुंकवानं भरलेला हात.

"थांबनं..." तिचे डोळे फाटले होते. "चेतन, थांबनं ते. आते काही बोलू नको. एक शब्द बोलू नको... परत सुरू व्हई."

आणि चेतन बोलला नाही. खरं सांगायचं तर त्याला बोलायचंही नव्हतं. इतक्या दिवसांनी झालेली ती शांतता त्याला इतकी बरी वाटली, की उरलेलं मागाहून म्हणू, सावकाश म्हणू, असं त्यानं स्वतःला सांगितलं. तेवढ्यात न्हाणीघराची कडी वाजली. पुष्पाबाईनं पदरानं काच पुसली, राजाचं कपाळ पुसलं, आणि दोघं बाहेर येऊन बसली.

चैतालीनं केस पुसत राजाला उचललं. "रडला नाही?"

"नाही," चेतन म्हणाला.

ती पाजायला बसली. राजानं तोंड फिरवलं. तिनं दुसऱ्या बाजूला घेतलं, त्यानं तिकडूनही फिरवलं. तो रडत नव्हता, कुरकुरत नव्हता. भरल्या पोटानं माणूस ताट बाजूला सारतो तसं शांतपणे तो तिला नको म्हणत होता. संध्याकाळीही तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. वाटी-चमच्यानं द्यायला गेली तर त्यानं दूध बाहेर काढून टाकलं. चैतालीची छाती दगडासारखी झाली, अंगात ताप भरला. ती चोकडीत उभी राहून रडत रडत दूध पिळून टाकायची.

"नीट जेवत नही, मंग पोऱ्या कसा पेई?" पुष्पाबाई म्हणायची. मशीनचा आवाज बंद झाला होता ना, तिच्यापुरतं सगळं सुरळीत झालं होतं. तिनं वायर परत लावली होती आणि मशीन आता कुठलेही कपडे टाका, अगदी गुपचूप धुवायचं.

चेतननं उरलेलं म्हणून पाहिलं. चैताली झोपली असताना राजाला घेऊन तो मशीनपुढे बसायचा, टाक काचेला लावायचा आणि म्हणायचा, "मग चैतालीचं. रंजना, मग चैतालीचं. ऐकतेस ना?" पुन्हा पुन्हा म्हणायचा. स्क्रूड्रायव्हर लावून कान देऊन ऐकायचा. आतून काहीही येत नव्हतं, श्वाससुद्धा नाही. ज्या बाईला एकदा गप्प बस म्हटलं होतं, ती त्याच्यासाठी आता गप्प बसली होती.

"तुम्ही काय केलंत?" एकदा चैतालीनं विचारलं. "मी अंघोळीला गेले तेव्हा काहीतरी केलंत. खरं सांगा, मी काही बोलणार नाही."

"वेडी का तू? काही नाही केलं," चेतन म्हणाला, आणि पाळीला निघून गेला.

मग तिनं स्वतःच टाक शोधून काढला. नव्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला आणि काचेवर डोकं टेकवून बसली. "ताई, चुकलं माझं. मी तोडायला नको होता. सगळं घे, घर घे, नवऱ्याला घे. तेवढा एक देऊन टाक ना, ताई..." चेतननं हे पडद्याआडून ऐकलं. तेव्हाही त्यानं पुढे होऊन खरं सांगितलं नाही.

दवाखान्यात नेऊ म्हटलं की चेतन म्हणायचा, बघू, लसीला जायचंच आहे. मग लस टोचायची तारीख आली. चैतालीनं राजाला छातीशी घट्ट बांधून घेतलं आणि दोघं दवाखान्यात गेली. इतक्या दिवसांत पोटात थेंब गेला नाही, आता डॉक्टरच काय ते बघतील, या आशेवर ती गेली होती. नर्सनं राजाचे कपडे काढून त्याला काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला, आणि हसून त्याचा गालगुच्चा घेतला.

"अरे वाह! वजन तो बहु सरस वध्युं छे," ती म्हणाली. "बेन, तमारुं दूध बाबाने बराबर सदे छे. बस, आम ज पाजता रहेजो."

वजन छान वाढलंय, आईचं दूध बाळाला चांगलं मानवलंय, असंच पाजत राहा. चैतालीनं नर्सकडे पाहिलं, मग चेतनकडे पाहिलं. त्या नजरेला चेतन नजर देऊ शकला नाही. तिनं राजाला कपडे घातले आणि ती रिक्षात बसली. रिक्षात तिच्या ब्लाउजवर ओले डाग पसरत होते आणि ती ते पदरानं झाकत होती.

घरी येऊन तिनं राजाला पलंगावर मध्यभागी निजवलं. ती एका बाजूला बसली, चेतन दुसऱ्या बाजूला. दुपारचं ऊन खिडकीतून पोराच्या पायांवर पडलं होतं. राजा गाढ झोपेत होता आणि झोपेतच त्याचे ओठ हलू लागले, चुटुचुटु, भुकेलं पोर ओढतं तसे. त्याचा गाल एका बाजूनं दाबला गेल्यासारखा सपाट झाला होता. ओठांच्या कोपऱ्यातून दुधाचा एक ओघळ निघाला, ताजा, पांढरा. तो हनुवटीपर्यंत आला, गळ्याच्या वळीकडे निघाला, आणि दोघं बघत असताना, त्याच्या वाटेतच कोणीतरी तो हलकेच पुसून घेतला.